अजगराचा ताप

मिरजेत माणसांची इस्पितळं किती, हे मिरजेतल्या माणसालाही नीट सांगता यायचं नाही. त्यामुळं त्यात सापांचं एक वाढलं तेव्हा गावानं ते फारसं मनावर घेतलं नाही. सुरुवातीला पत्ता ऐकून रिक्षावाले मागं वळून बघायचे. आता गिऱ्हाइकाच्या मांडीवरची पिशवी हलताना दिसली की न विचारता माझ्या दारात आणून सोडतात.

पाळीव सापांची लाट आली ती हाउसिंग सोसायट्यांमुळं. कुत्रं भुंकतं म्हणून बंदी, मांजर जिन्यात घाण करतं म्हणून बंदी, पोपट पहाटे ओरडतो म्हणून नोटीस. मग लोकांनी आफ्रिकी जातीचे छोटे अजगर आणले. आपले देशी साप पाळायला कायद्यानं आजही मनाई आहे आणि ती असायलाच हवी. हे परदेशी अजगर मात्र पिंजऱ्यातच जन्मलेले, रीतसर नोंद केली की चालतात. भुंकत नाहीत, पंधरवड्यातून एकदा जेवतात, घाबरले की अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतात. पुढं प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या कांड्या पाकिटातून मिळायला लागल्या आणि उंदीर मारायचा प्रश्न मिटला, तेव्हा तर शाकाहारी घरांतही अजगर नांदायला लागले.

मगदुमांचं घर त्यातलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं जैन. आषाढातल्या एका सकाळी त्रिशला मगदूम माझ्याकडं आल्या. साठी उलटलेली शिडशिडीत बाई. हातात भरतकाम केलेला उशीचा अभ्रा, वर गाठ मारलेली. अभ्र्यात लाडू. लाडू हे अजगराचं नाव, गोळा होऊन बसतो म्हणून ठेवलेलं.

"मुलगा गाडीतच थांबलाय," त्या म्हणाल्या. "साप घरात आल्यापासनं सन्मती हॉलमध्ये टीव्ही बघत नाही ओ डॉक्टर. बाल्कनीतनं बघतोय, काचेतनं."

अजगर सुनेचा होता. सून ऋजुता अंटार्क्टिकावरच्या भारताच्या तळावर वर्षभरासाठी गेली होती. बर्फात हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते फोडून ती त्या काळची हवा मोजायची. नवरा सापाला भितो, शेजारी किंचाळतात, तेव्हा जाताना तिनं लाडूला सासूच्या स्वाधीन केलं. त्रिशलाकाकींना साप नको होता. पण सुनेनं आपण होऊन त्यांच्यावर सोपवलेली ही पहिलीच गोष्ट होती, म्हणून त्या नाही म्हणाल्या नाहीत.

"दिवाळीला येणार हाय ती," काकी म्हणाल्या. "आल्यावर बघू म्हणालीय."

काय बघू, ते मला विचारावं लागलं नाही. सुनेच्या त्या एका शब्दावर ही बाई वर्ष काढत होती. नातवंडाची वाट बघणाऱ्या बाईला 'बघू' म्हणजे निम्मा होकार वाटतो. आता सुनेचा साप आपल्या हातात दगावला तर तो निम्मा होकारही गेला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी गाठ सोडली. लाडूनं गोळा केला नाही, हे पहिलं वाईट लक्षण. मान आभाळाकडं ताणलेली, तोंड अर्धवट उघडं, आत चिकट तारा, नाकपुडीवर एक बुडबुडा. प्रत्येक श्वासाला कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक फुसफुस आवाज. छातीचा संसर्ग, आणि बराच पुढं गेलेला. कधीपासून, त्याची राहायची पेटी कोणती, घरी काही औषधपाणी केलं का, असं मी सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नावर काकींनी खिडकीबाहेर बघितलं आणि पांघरूण घातलं तेवढंच, असं सांगितलं. मी तेवढ्यावर पुढं गेले.

सापाला सर्दी होणं ही आपल्यासारखी चेष्टेवारी न्यायची गोष्ट नव्हे. आपल्या पोटाच्या आणि छातीच्या मध्ये एक पडदा असतो, तो जोरात दाबला की खोकला येतो आणि कफ बाहेर पडतो. सापाला तो पडदाच नसतो. त्याला खोकता येत नाही. त्याचं कामाचं फुप्फुस एकच, उजवं, अर्ध्या अंगाएवढं लांब, आणि त्याचा मागचा भाग नुसता फुग्यासारखा. कफ तिथं उतरून बसला की बसला.

पूर्वी आम्ही इंजेक्शनं द्यायचो. मग जंतू जुन्या औषधांना जुमानेनासे झाले आणि जी चार-दोन औषधं अजून चालत होती, ती सरकारनं माणसांसाठी राखून ठेवली. जनावरांना बंद. निर्णय बरोबरच होता, पण माझ्या पेशंटांनी काय करायचं हा प्रश्न उरला. त्याला उत्तर मिळालं ते एका जुन्याच शोधातून. आपल्याला जंतुसंसर्ग झाला की अंग आतून तापतं. साप-सरडे थंड रक्ताचे, त्यांना आतून तापता येत नाही. मग ते उठून उन्हात जाऊन बसतात, एरवी बसतील त्याहून जास्त कडक उन्हात. म्हणजे ताप त्यांना येत नाही, ते तो आणतात. आजारी सरड्यांना उन्हात जाऊ दिलं तर बरेचसे जगतात आणि सावलीत कोंडलं तर बरेचसे मरतात, हे माझ्या आजीच्या काळातच सिद्ध झालं होतं. औषधं होती तोवर त्याची कुणाला गरज पडली नाही इतकंच. आणि घरोघरच्या नव्या पेट्या तर कोपऱ्या-कोपऱ्यात सारखेच एकोणतीस अंश ठेवतात. त्याला आपण सुख म्हणतो. आजारी सापाला त्या सुखातून उठून जायला जागाच नसते.

म्हणून पडवी. कागदोपत्री तिचं नाव मोठं आहे, पण काचेची लांबलचक, अरुंद खोली पाहून सगळे तिला पडवीच म्हणतात. एका टोकाला बावीस अंश, दुसऱ्या टोकाला छत्तीस, मध्ये चढत जाणारी ऊब. खालची फरशी सापाच्या हृदयाचे ठोके आणि श्वास ऐकते आणि तो कुठं किती वेळ पडून राहतो ते टिपते. जगभरातल्या हजारो आजारी सापांच्या नोंदींवरून यंत्र सांगतं, की हा लढतोय की नाही. उबेकडं गेला तर लढतोय, त्याला त्याच्या मनासारखं करू द्या. इकडंतिकडं फिरायला लागला तर बरा झाला. आणि थंड टोकाला जाऊन पडून राहिला, तर पडद्यावर लाल अक्षरात 'शरणागती' उमटतं. मग मधला पडदा टाकून त्याला उबेत कोंडायचं, चौतीस अंशांवर. त्याला आम्ही सक्तीचा ताप म्हणतो. त्यासाठी मालकाची परवानगी लागते, कारण त्यात बरेच साप वाचतात तसे काही जातातही.

लाडूला मी मधोमध सोडलं. त्यानं जिभेनं दोन्हीकडची हवा चाखली आणि थेट थंड टोकाला जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशीही तिथंच. काकी सकाळी येऊन काचेसमोरच्या बाकावर बसायच्या आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून संध्याकाळी उठायच्या. मध्ये काही लागलं तर गाडीतून सन्मती फोन करायचा, दारापर्यंत काही यायचा नाही. तिसऱ्या सकाळी पडद्यावर लाल अक्षरं उमटली. मी काकींना समजावून सांगितलं आणि ऋजुताला फोन लावला.

ती पडद्यावर आली तेव्हा डोक्यापासून पायांपर्यंत लाल जाड कपड्यांत होती. आमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचून उत्तर यायला दोनेक सेकंद लागायचे, त्यामुळं प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी मुकाट्यानं थांबायचं. मी सगळं सांगितलं. तिनं नेमकं विचारलं. कोंडलं तर जगायची आशा किती? निम्म्याहून थोडी जास्त, मी म्हणाले. नाही कोंडलं तर? फार थोडी. तिनं हातमोजा काढून डोळ्यांवरून हात फिरवला आणि मान हलवली. मी पडवीतला मधला पडदा टाकायच्या कळीवर बोट ठेवलं.

"थांबा," काकी म्हणाल्या.

त्या बाकावरून उठल्या होत्या. माझ्याकडं न बघता त्या पडद्याशी गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "ऋजुता, मी त्याला धुरी दिली."

दोन सेकंद गेले.

मग काकी बोलत सुटल्या. लाडू फुसफुसायला लागला तेव्हा त्यांना सन्मतीचं लहानपण आठवलं. तेव्हा सर्दी झाली की आंघोळ घालून निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि चिमूटभर धूप टाकायचा, वर टोपली पालथी घालायची आणि त्या उबेच्या धुरात बाळाला धरायचं. पोर तासाभरात गाढ झोपायचं. तसंच त्यांनी लाडूला केलं. कोमट पाण्यानं पुसून घेतलं, टोपलीखाली ठेवलं आणि चांगली दणकून धुरी दिली, सलग तीन दिवस. तो टोपलीत धडपडत होता. बाळंही रडतातच, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

"कुठल्या शेगडीवर?" ऋजुतानं विचारलं.

"तीच. सन्मतीच्या वेळची, जपून ठेवलेली." काकी म्हणाल्या. "ती कुणासाठी घासूनपुसून ठेवली होती, ते तुला ठाऊकच हाय. आता तिचा दुसरा काय उपयोग, असं वाटलं त्या दिवशी. डॉक्टरांनी विचारलं तरी मी सांगितलं नाही. तुला कळलं तर तू परत येणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं."

आणि मग, हे बहुधा त्या स्वतःलाच म्हणाल्या, "जळत्या लाकडातला नाग ज्यानं बाहेर काढला, त्या पार्श्वनाथाला मी रोज हात जोडतेय. आणि दारात आलेल्या सापाला मीच धुरात कोंडलं."

मला त्या क्षणी खरं सांगायचं तर राग आला. तीन दिवस ही बाई माझ्यासमोर बसून होती. पण रागाच्या आत दुसरंच काहीतरी जुळायला लागलं होतं आणि ते रागापेक्षा जास्त ओढत होतं. तेवढ्यात पडद्यावरून ऋजुताच बोलली. तिचं सगळं आयुष्य हवा मोजण्यात गेलेलं.

"डॉक्टर, धुरानं फुप्फुस सुजलं असेल तर त्याला हवा कमी पडत असेल ना?"

"पडणारच."

"आणि थंडीत त्याच्या अंगाला हवा कमी लागते."

मी कळीवरचं बोट काढून घेतलं. थंड रक्ताच्या प्राण्याचं अंग जितकं गार, तितकं त्याचं सगळं काम हळू चालतं. बावीस अंशांवर त्याला जेवढी हवा पुरते, तिच्या दुपटीहून जास्त चौतीसवर लागते. लाडूच्या फुप्फुसात धड जागा किती उरली होती देव जाणे. जी थोडी हवा मिळत होती तिच्यात भागावं, म्हणून तो गारठ्यात जाऊन पडला होता. त्यानं हार मानलेली नव्हती. तो काटकसर करत होता, आणि मी त्याला उचलून उधळपट्टीच्या खोलीत कोंडणार होते. तासाभरात गुदमरला असता.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ज्या हजारो सापांवरून ते शिकलं, त्यातल्या एकालाही बहुधा कुणी ओवा-वावडिंगाची धुरी दिली नव्हती.

ऋजुता एवढंच म्हणाली, की मी नंतर बोलते, आणि पडदा काळा झाला. काकी बाकावर बसल्या. ती रागावली, आता संपलं, असं त्या दोनदा म्हणाल्या. मला त्यांची दया आली, पण वेळ नव्हता.

मी पडवीत प्राणवायू वाढवला. बारीक नळीनं लाडूच्या घशातला चिकटा ओढून काढला. काळे कण होते त्यात. मिठाच्या पाण्याचं धुकं सोडलं, म्हणजे आतला कफ पातळ होऊन ओघळेल. मधला पडदा वरच ठेवला. आता त्यानं ठरवायचं आणि आम्ही बघायचं. डॉक्टरला हा उपचार सगळ्यात जड जातो.

पुढचे दिवस ऋजुता मला फोन करायची, श्वास किती, प्राणवायू किती ते विचारायची. सासूची चौकशी करायची नाही. काकी समोर बसलेल्या असायच्या, त्यांना सगळं ऐकू जायचं. त्या मला काही म्हणायच्या नाहीत, पण फोन वाजला की पदर सारखा करून सावरून बसायच्या आणि मी फोन ठेवला की पुन्हा वाकून बसायच्या. मला ते बघवायचं नाही. एकदा मी ऋजुताला म्हणाले, आई इथंच आहेत, देऊ का? ती म्हणाली, आत्ता नको. मी त्यांना खोटंच सांगितलं, की लाइन गेली. त्यांनी मान हलवली. खोटं त्यांना कळलं होतं.

आणि मग एका दुपारी लाडू हलला. मी टेबलाशी जेवत होते. काकी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, चाललाय बघा." तो फरशीला पोट घासत निघाला होता, वीतभर सरकायचा, थांबायचा, जीभ काढून हवा चाखायचा. पडवीच्या मध्यावर बराच वेळ पडून राहिला. श्वासातली फुसफुस कमी झाली होती. आता परत फिरणार असं मला वाटलं, आणि तो पुढं गेला. तीस अंश, बत्तीस, चौतीस. छत्तीसच्या टोकाला जाऊन त्यानं अंगाची वेटोळी घातली आणि डोकं वर ठेवलं. धुराची सूज उतरली होती, हवा पुरायला लागली होती, आणि आता तो मूळच्या जंतूंच्या मागं लागला होता.

"म्हणजे आता ताप आला त्याला?" काकींनी विचारलं.

"आला."

"बरं झालं बाई," म्हणून त्या रडायला लागल्या. ताप आला म्हणून एवढ्या आनंदानं रडणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

तो पाच-सहा दिवस उबेत राहिला, मग पडवीभर फिरायला लागला आणि एक दिवस माझा हात बघून त्यानं चक्क गोळा केला. तोवर मी सगळी हकिकत यंत्र शिकवणाऱ्या मंडळींना कळवली होती. त्यांनी जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. सक्तीच्या तापात गेलेल्या सापांपैकी काही हरलेले नव्हतेच, त्यांना फक्त हवा कमी पडत होती, असं आता दिसतंय. नेमके किती, ते अजून मोजतायत आणि त्या आकड्याची मला भीती वाटते. आता लाल अक्षरं उमटायच्या आधी यंत्र प्राणवायू तपासतं. आणि दाखल करताना जगभर एक प्रश्न विचारला जातो, घरात धूर केला होता का? ब्राझीलच्या एका संशोधकाला धुरी म्हणजे काय ते काही केल्या कळेना, तेव्हा काकींनी त्याला पडद्यावर टोपली पालथी घालून दाखवली आणि पुन्हा कधी करू नका म्हणून दटावलं. त्यानं कधीच केलं नव्हतं, तरी बिचारा हो म्हणाला.

लाडूला घरी न्यायच्या दिवशी ऋजुताचा फोन आला. या वेळी तिनं आईला द्या म्हणून सांगितलं. मी उठून जायला लागले, तर काकींनी माझा हात धरून ठेवला.

ऋजुतानं आधी लाडूला बघितलं, मग म्हणाली, "आई, त्या दिवशी मला धुरीचा राग आला नव्हता. शेगडीचा आला होता."

काकींनी माझं मनगट पकडलं.

"मला मूल नकोय, आई. सन्मतीला आणि मला, दोघांनाही. ते आम्ही लग्नाआधीच ठरवलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी बघू म्हणत राहिले. तुम्ही त्या एका शब्दापायी सापाबद्दल डॉक्टरांशी खोटं बोललात, हे ऐकलं आणि वाटलं, हे माझंच करणं आहे." ती थांबली. "आणि अजून एक आहे. इथं मला आणखी एक वर्ष राहा म्हणतायत. दिवाळीचं मी तुम्हाला कबूल केलंय, म्हणून अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं."

तिचं बोलणं संपलं. आता थांबायचं होतं ते तिला, आणि दोन सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त. काकींच्या मुठीत माझं मनगट दुखायला लागलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी सांगणार नाही. एवढं सांगते, की त्यातलं काहीही त्यांनी तोंडावाटे बाहेर येऊ दिलं नाही. बाजूला लाडू काचेमागं सावकाश फिरत होता आणि काकी त्याच्याकडं बघत होत्या.

"तिथं बरं वाटतंय का तुला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो, आई. खूप."

"मग राहा."

पडद्यावरचं चित्र गेलं, तरी ऋजुताचा रडवेला 'आई' दोन सेकंद उशिरा आलाच. काकींनी माझं मनगट सोडलं, डोळे पुसले आणि लाडूला सराईतपणे मानेखाली आणि पोटाखाली हात घालून उचललं. त्यानं त्यांच्या हाताला विळखा घातला.

"लग्नाला सहा वर्षं झाली त्यांच्या," त्या मला म्हणाल्या. "तिला काय हवं-नको ते मी आज पहिल्यांदा विचारलं."